वाचकांचे प्रश्न : सीमेवर यंत्राचा पहारा

गेल्या अंकातील या सदरात सीमेवरच्या टेहळणीसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता कशी वापरली जाते, याविषयी एक लहान टिपण होते. कॅमेरे, रडार आणि जमिनीत पुरलेली संवेदके (सेन्सर) यांच्याकडून येणारी माहिती संगणक सतत चाळत असतो आणि वेगळी हालचाल दिसताच पहाऱ्यावरच्या जवानाला इशारा देतो, एवढे त्यात सांगितले होते. त्यावर आलेल्या पत्रांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा सीमा सुरक्षा दलात असून सध्या पंजाबच्या सीमेवर आहे. थंडीत रात्रभर नाक्यावर उभा असतो. यंत्रे आली म्हणता, तर त्याचे हे जागरण कमी होईल का? (एक आई, सातारा जिल्हा)

जागरण संपेल असे मी आपल्याला सांगू शकत नाही. त्याचे रूप बदलेल, हे मात्र खरे. पंजाबची सीमा ५५३ किलोमीटरची आहे. तिथे तारेचे कुंपण आहे, प्रखर दिवे आहेत, जवानांच्या हाती शरीराची उष्णता टिपणारे थर्मल कॅमेरेही आहेत. पण डिसेंबर-जानेवारीतले दाट धुके उष्णतेच्या लहरीही अडवते आणि विखुरते, त्यामुळे ज्या रात्री यंत्राच्या डोळ्याची सर्वांत जास्त गरज असते, नेमक्या त्याच रात्री तो अधू होतो. अशा वेळी नाक्यावरच्या माणसाच्या कानाला पर्याय नाही. पलीकडून अमली पदार्थ आणि शस्त्रे घेऊन येणारी ड्रोन हा तिथला आजचा मोठा प्रश्न आहे. सीमा सुरक्षा दलाने पंजाबात २०२३ मध्ये १०७, तर २०२४ मध्ये २९४ ड्रोन पकडली किंवा पाडली. ही ड्रोन इतकी लहान असतात की रडारवर ती आणि एखादा मोठा पक्षी सारखेच दिसतात. ड्रोनमध्ये मार्ग आधीच भरून ठेवलेला असेल, तर रेडिओ संदेशावरूनही त्यांचा माग लागत नाही. पंख्यांची घरघर ऐकून दिशा सांगणारा जवान आणि सकाळी शेतात पडलेले पाकीट पाहून चौकीला कळवणारा शेतकरी यांच्यामुळेच कितीतरी वेळा ड्रोन हाती लागले आहे.

यंत्रामुळे काही जवान नाक्यावरून नियंत्रण कक्षात येतात आणि अंधाराऐवजी पडद्याकडे पाहत बसतात. हे काम उबेतले असले तरी सोपे नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानदलाचे रडारचालक पाळीच्या सुरुवातीला पाणबुड्या बरोबर टिपत आणि थोड्या वेळाने त्यांच्या नजरेतून त्या सुटू लागत. असे का होते हे शोधण्यासाठी मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी घड्याळासारख्या तबकडीवर एक काटा फिरवला आणि तो क्वचित कधी दुप्पट उडी घेई, तेवढी टिपायला माणसांना सांगितले. पहिल्या अर्ध्या तासानंतरच चुका वाढतात, असे त्यांना आढळले. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष आजही जसाच्या तसा लागू आहे. म्हणून पडद्यासमोरची माणसे थोड्या थोड्या वेळाने बदलली गेली पाहिजेत आणि त्यासाठी पुरेसे मनुष्यबळ हवे. यंत्र बसवले म्हणून माणसे कमी करायची, हा हिशेब मला धोक्याचा वाटतो. आपल्या मुलाला नीट झोप मिळणे हाही सीमेच्या सुरक्षेचाच भाग आहे, असे मी मनापासून मानतो.

प्रश्न : सगळीकडे कुंपण घालून माणसे उभी केली, तर यंत्रांची गरजच काय? (एक वाचक, इचलकरंजी)

सगळीकडे कुंपण घालता येत नाही. आसामातल्या धुबरी जिल्ह्याचेच पाहा. तिथे ब्रह्मपुत्रा बांगलादेशात उतरते. ती एका पात्राने वाहत नाही. अनेक फाट्यांत पसरते, आणि त्या फाट्यांच्या मधोमध वाळूची बेटे असतात. त्यांना तिथे ‘चर’ म्हणतात. या चरांवर माणसे राहतात, भात आणि ताग पिकवतात, गुरे पाळतात. पावसाळ्यात नदी एखादा चर गिळते आणि पाणी ओसरल्यावर दुसरीकडे नवा वर काढते. अशा जमिनीत खांब रोवून ठेवणार तरी किती दिवस? म्हणून ५ मार्च २०१९ रोजी तिथल्या ६१ किलोमीटर नदीपट्ट्यात ‘बोल्ड-क्यूआयटी’ ही यंत्रणा सुरू झाली. दिवसा आणि रात्री पाहणारे कॅमेरे, घुसखोरीची चाहूल घेणारी संवेदके, सूक्ष्मलहरींवरची संपर्कव्यवस्था आणि हे सर्व एकत्र दाखवणारे नियंत्रण कक्ष असे तिचे स्वरूप आहे. त्याआधी, सप्टेंबर २०१८ मध्ये, जम्मूच्या सीमेवर प्रत्येकी सुमारे साडेपाच किलोमीटरचे दोन प्रायोगिक पट्टे सुरू झाले होते. जानेवारी २०१६ मधील पठाणकोटच्या हल्ल्यानंतर माजी गृहसचिव मधुकर गुप्ता यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि सीमेवरच्या फटी तंत्रज्ञानाने बुजवण्याच्या विचाराला तिथून वेग आला.

धुबरीच्या यंत्रणेच्या ‘बॉर्डर इलेक्ट्रॉनिकली डॉमिनेटेड क्यूआरटी इंटरसेप्शन टेक्निक’ या लांबलचक इंग्रजी नावातच ‘क्यूआरटी’ ही अक्षरे आहेत. इशारा मिळताच धाव घेणाऱ्या तुकडीचे ते नाव. नाव ठेवणाऱ्यांनी हे फार योग्य केले असे मला वाटते, कारण कॅमेऱ्याने दाखवलेल्या जागी दहा मिनिटांत होडी पोहोचत नसेल, तर त्या कॅमेऱ्याने घुसखोराचे फक्त चित्र काढले, त्याला अडवले नाही.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या प्रकल्पातील प्रतिमा ओळखणारी प्रणाली ९९ टक्के अचूक येते. मग सीमेवर खोट्या इशाऱ्यांची एवढी तक्रार का? (एक विद्यार्थी, नागपूर)

हा हिशेब कागदावर मांडून पाहा. समजा, दहा किलोमीटरच्या एका पट्ट्यात रात्रभरात कॅमेऱ्यांसमोर दोन हजार हालचाली होतात. नीलगायी, कोल्हे, रानडुकरे, मोकाट गुरे, वाऱ्याने डोलणारे उंच गवत, सगळे त्यात आले. तुमची प्रणाली शंभरातील नव्याण्णव वेळा बरोबर असेल, तर रात्रीला वीस आणि महिन्याला सहाशे खोटे इशारे येतील. खरा घुसखोर महिन्यातून एकदा येतो असे धरा. आता पहाऱ्यावरच्या जवानाच्या जागी स्वतःला ठेवा. सहाशे वेळा धावत जाऊन नीलगाय पाहून परतलेला माणूस सहाशे एकाव्या वेळी किती वेगाने उठेल? जे शोधायचे ते अतिशय विरळ आणि जे शोधायचे नाही ते उदंड, अशा ठिकाणी ९९ टक्के हा आकडा आपली दिशाभूल करतो. म्हणून माझी विनंती अशी, की प्रकल्पाच्या अहवालात अचूकतेच्या टक्केवारीबरोबरच दर किलोमीटरला दर रात्री किती खोटे इशारे आले आणि किती खरे सुटले, हे दोन आकडे लिहायची सवय आतापासून लावून घ्या. सीमेवर कामाचे तेच आहेत.

इशाऱ्याची पातळी कडक केली की खोटे इशारे घटतात, पण मग घोंगडी पांघरून रांगत येणारा माणूस जनावरांत मोजला जातो. यावरचा चांगला उपाय म्हणजे दोन वेगळ्या जातीच्या संवेदकांची साक्ष जुळवून पाहणे. जमिनीत पुरलेल्या प्रकाशीय तंतूच्या (ऑप्टिकल फायबर) केबलला पावलांची कंपने कळतात. वाऱ्याने हलणारे गवत कॅमेऱ्याला फसवते, पण केबलवर पावलांची खूण उमटवत नाही. दोन्हींनी एकाच जागी, एकाच वेळी हालचाल सांगितली तरच मोठा इशारा द्यायचा, असे ठरवले की खोट्या इशाऱ्यांचा मोठा हिस्सा गळून जातो. गाय मात्र दोघांनाही फसवते. तिच्यासाठी त्याच पट्ट्यातली, त्याच ऋतूतली हजारो चित्रे प्रणालीला दाखवावी लागतात, चार पायांची चाल आणि दोन पायांची चाल यांतला फरक शिकवावा लागतो.

थर्मल कॅमेऱ्याचेही एक सांगतो, कारण ते मी स्वतः पाहिले आहे. गेल्या मे महिन्यात सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी मोबाइलला जोडायचा एक छोटा थर्मल कॅमेरा घेऊन गेलो होतो. पहाटे पाच वाजता गोठ्यातली म्हैस पडद्यावर पांढरीशुभ्र दिसत होती आणि श्वासाबरोबर तिच्या नाकपुड्यांची बदलणारी छटासुद्धा ओळखू येत होती. संध्याकाळी सातच्या सुमारास तोच कॅमेरा अंगणाकडे वळवला. दिवसभर तापलेली दगडी भिंत आणि तिला टेकून उभा असलेला माझा चुलतभाऊ हे दोघेही एकाच राखाडी रंगाचे झाले होते. त्याने विडीसाठी हात वर केला, तेव्हा कुठे तिथे माणूस आहे हे मला कळले. हा कॅमेरा उष्णता पाहत नाही, उष्णतेतला फरक पाहतो. शरीर आणि परिसर एकाच तापमानाला आले की माणूस दिसेनासा होतो. जैसलमेर-बाडमेरच्या वाळूत उन्हाळ्याच्या दिवसांत अशी वेळ येतेच, आणि दिवसाच्या उजेडात काढलेल्या चित्रांवर शिकलेली प्रणाली तिथे गोंधळते. तुमच्या प्रकल्पातली चित्रे कोणत्या वेळी काढलेली आहेत, हे एकदा तपासून पाहा.

प्रश्न : ही यंत्रे आपल्याकडे बनतात की सगळी परदेशातून येतात? (एक वाचक, जळगाव)

पुष्कळ आपल्याकडे बनतात. लडाखसारख्या उंच आणि थंड प्रदेशासाठीची ‘बॉस’ ही टेहळणी प्रणाली संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेच्या डेहराडून येथील प्रयोगशाळेने विकसित केली आणि भारत इलेक्ट्रॉनिक्सने तयार केली. जुलै २०२२ मध्ये दिल्लीत संरक्षण मंत्रालयाने कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेली ७५ उत्पादने एकाच वेळी सादर केली. मुंबई आयआयटीच्या माजी विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या नवी मुंबईतील आयडियाफोर्ज या कंपनीची टेहळणी ड्रोन आपल्या लष्कराने घेतली आहेत. कॅमेऱ्यातील संवेदके आणि संगणकाच्या चिप यांसाठी मात्र आपण अजूनही बऱ्याच अंशी बाहेरच्यांवर अवलंबून आहोत.

प्रश्न : गाझाच्या सीमेवर इस्रायलची जगातली सर्वांत प्रगत भिंत होती, तरी ७ ऑक्टोबर २०२३ चा हल्ला झालाच. मग आपण या यंत्रांवर पैसा का घालवावा? (निवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

सर, आपल्या प्रश्नाचे उत्तर ‘घालवू नये’ असे नाही. मात्र त्या दिवशी काय घडले ते नीट पाहिले पाहिजे. सुमारे ६५ किलोमीटरचे ते कुंपण डिसेंबर २०२१ मध्ये पूर्ण झाले होते. त्याला जमिनीखालची भिंत होती, संवेदके होती, कॅमेरे आणि दूरनियंत्रित मशीनगन बसवलेले मनोरे होते. हमासच्या हल्लेखोरांनी साध्या, बाजारात मिळणाऱ्या ड्रोनमधून या मनोऱ्यांवर स्फोटके टाकली. मनोरे बंद पडताच नियंत्रण कक्ष आंधळे झाले. सगळी मदार एकाच प्रकारच्या डोळ्यांवर आणि त्यांना जोडणाऱ्या संपर्कव्यवस्थेवर होती, तो दुवा तुटल्यावर हाती काही उरले नाही.

पण मला त्याहून अस्वस्थ करते ती दुसरी गोष्ट. नाहल ओझ या इस्रायली तळावर पडद्यासमोर बसून टेहळणी करणाऱ्या तरुण महिला सैनिक होत्या. पलीकडे नेहमीपेक्षा वेगळा सराव चालला आहे, कुंपणाची नक्कल करून ते ओलांडण्याची तालीम होत आहे, असे त्या कित्येक महिने वरिष्ठांना कळवत होत्या. त्यांचे म्हणणे गांभीर्याने घेतले गेले नाही. हल्ल्यात त्यांच्यातल्या पंधरा जणी मारल्या गेल्या आणि सात जणींना पळवून नेण्यात आले. यंत्राने दाखवले होते, माणसाने ओळखले होते. ऐकणाऱ्याने ऐकले नाही. हे वाचले तेव्हा मला त्या मुलींच्या आईवडिलांचे फार वाईट वाटले.

दक्षिण कोरियाचे उदाहरण याच जातीचे आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये उत्तर कोरियाचा एक माणूस समुद्रातून पोहत गोसोंगच्या किनाऱ्याला लागला आणि चालत आत आला. तो लष्करी कॅमेऱ्यांत दहा वेळा दिसला होता. त्यांतले आठ प्रसंग पहाऱ्यावरच्यांच्या लक्षातच आले नाहीत. यंत्राने दोनदा इशाराही दिला होता, पण वाऱ्यामुळे यंत्र चुकले असेल असे समजून तो बाजूला सारला गेला. आपल्या नागपूरच्या विद्यार्थ्याला वर दिलेला हिशेब इथे प्रत्यक्षात उतरलेला दिसतो. अमेरिकेची कथा वेगळी आहे. २००६ मध्ये मेक्सिकोच्या सीमेसाठी सुरू झालेला ‘एसबीआयनेट’ हा प्रकल्प ॲरिझोनातील ५३ मैलांवर सुमारे एक अब्ज डॉलर खर्चून जानेवारी २०११ मध्ये बंद करावा लागला, कारण संपूर्ण सीमेला एकच साचा लावण्याचा तो प्रयत्न होता आणि वाळवंट, डोंगर, नदी यांना एक साचा चालत नाही.

म्हणून पैसा यंत्रावर जरूर खर्च व्हावा, पण त्यातला योग्य वाटा राखीव संपर्कव्यवस्थेसाठी, माणसांच्या प्रशिक्षणासाठी आणि खालून आलेला इशारा वरपर्यंत पोहोचतो की नाही हे तपासण्यासाठी वेगळा काढला जावा. पडद्यासमोरच्या शिपायाला आपला इशारा डावलला गेल्यास तो थेट वरच्या पातळीवर नोंदवता आला पाहिजे. मला विचाराल तर हे कलम कॅमेऱ्याच्या खरेदीइतकेच महत्त्वाचे आहे.

प्रश्न : गोळी झाडायची की नाही हे यंत्र ठरवणार का? आणि सीमेजवळ राहणाऱ्या सामान्य माणसांच्या चेहऱ्यांची नोंद होत असेल, तर ती कोणत्या कायद्याखाली? (कायद्याची विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

गोळीचा निर्णय माणसाकडेच राहिला पाहिजे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. कोरियाच्या सीमेवर लक्ष्य स्वतः हेरू शकणाऱ्या बंदुकीची चाचणी २०१० मध्येच झाली होती, त्यामुळे हा प्रश्न भविष्यातला राहिलेला नाही. स्वयंचलित शस्त्रांविषयी चिंता व्यक्त करणारा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत डिसेंबर २०२३ मध्ये संमत झाला, तेव्हा भारताने विरोधात मत दिले. या विषयाची चर्चा जिनिव्यातील शस्त्रविषयक करारातच व्हावी, अशी भारताची भूमिका आहे. मंच कोणताही असो, नियम लवकर ठरावेत.

नोंदींचा प्रश्न अधिक अवघड आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात देशाच्या सुरक्षेसाठी अधिसूचित केलेल्या सरकारी यंत्रणांना सूट देता येते. सीमेवर अशी सूट समजण्यासारखी आहे. पण बांगलादेशच्या सीमेवर कुंपण प्रत्यक्ष रेषेच्या दीडशे यार्ड आत आहे आणि अनेकांची शेते, काहींची घरेसुद्धा कुंपणापलीकडे पडली आहेत. ओळखपत्र दाखवून, ठरलेल्या वेळी फाटकातून जाऊन ही माणसे नांगरट-पेरणी करतात. उद्या फाटकावरच्या कॅमेऱ्याने एखाद्या शेतकऱ्याचा चेहरा चुकीच्या नावाशी जोडला, तर त्याने दाद कुठे मागायची? सुरक्षेची सूट कायम ठेवूनही चूक दुरुस्त करून घेण्याचा मार्ग देता येतो. तुम्ही प्रबंधासाठी विषय शोधत आहात असे लिहिले आहे. हा विषय घ्या.

प्रश्न : माझा भाऊ गुजरातच्या बोटीवर खलाशी म्हणून जातो. आमच्या भागातली कितीतरी मुले पाकिस्तानच्या तुरुंगात गेली. समुद्रात तर कुंपण नाही. तिथे हे यंत्र काही कामाचे आहे का? (एक बहीण, डहाणू)

ताई, समुद्रात सीमा आखलेली दिसत नाही, आणि कच्छ व सिंध यांच्यामधल्या सर क्रीक या खाडीच्या मुखाशी तर ती दोन देशांत वादाचीच आहे. मासळीच्या मागे गेलेली बोट रात्रीच्या प्रवाहात कधी पुढे सरकली हे तांडेलालाही, म्हणजे बोटीच्या प्रमुखालाही, कळत नाही. इथे यंत्राचा उपयोग होतो, आणि तो सरळ तुमच्या भावाच्या उपयोगाचा आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी तुमच्याच पालघरमध्ये मासेमारी बोटींवर ट्रान्सपाँडर, म्हणजे बोटीची जागा कळवणारे आणि संदेश देणारे-घेणारे उपकरण, बसवण्याच्या देशव्यापी योजनेचा प्रारंभ झाला. इस्रोने विकसित केलेले हे उपकरण १३ किनारी राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतील एक लाख बोटींवर बसवायचे ठरले आहे. बोट सागरी सीमेच्या जवळ गेली की ते सावध करते, वादळाची सूचना देते, आणि मोबाइलला रेंज नसलेल्या ठिकाणाहूनही उपग्रहामार्फत किनाऱ्याशी संदेशांची देवाणघेवाण करू देते.

याच उपकरणाचा टेहळणीलाही उपयोग आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्लेखोरांनी ‘कुबेर’ ही पोरबंदरची मासेमारी बोट ताब्यात घेतली होती आणि हजारो बोटींत ती वेगळी ओळखू येण्याचा काही मार्ग नव्हता. त्यानंतर किनाऱ्यावर रडारची साखळी उभी राहिली आणि वीस मीटरहून लांब बोटींना स्वतःची ओळख सांगणारे यंत्र बंधनकारक झाले. आता रडारवर दिसणारा प्रत्येक ठिपका आणि बोटींनी पाठवलेली ओळख यांची संगणक सांगड घालू शकतो. जो ठिपका ओळख सांगत नाही, किंवा मासेमारीच्या नेहमीच्या चालीपेक्षा वेगळा चालतो, तो तेवढा वेगळा काढून दाखवता येतो. कफ परेडच्या मच्छीमार नगरात त्या रात्री उतरलेल्यांना सर्वांत आधी तिथल्या रहिवाशांनीच हटकले होते, हेही विसरता कामा नये.

भावाच्या बोटीवर ट्रान्सपाँडर बसवला आहे का, हे बोटमालकाला आणि तांडेलाला आजच विचारा. बसवला असेल, तर तो चालू ठेवला जातो की मासेमारीची जागा इतरांना कळू नये म्हणून बंद केला जातो, तेही विचारा. सीमा जवळ आल्याचा इशारा कसा दिसतो आणि संकटाचा संदेश कसा पाठवायचा, हे तांडेलाबरोबर प्रत्येक खलाशाने शिकून घेतले पाहिजे, कारण तांडेल झोपलेला असताना सुकाणू खलाशाच्याच हाती असते.